आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

कांद्याच्या निर्यातीचे दार लावण्याचा व उघडण्याचा खेळ आपल्या देशात इतक्या वेळा झाला आहे की, त्यास धोरण म्हणावे काय, असा प्रश्न आम्हांस पडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. डिसेंबरात निर्यात साफ बंद झाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, ती टनास किमान ५५० डॉलर दर आणि ४० टक्के शुल्क अशा दोन बेड्या पायांत ठेवूनच. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ रोजी.

शहरातील गृहिणीस रास्त भावात कांदा मिळावा, हा हेतू गैर आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु भाव भडकतात ते परदेशी ग्राहकामुळे, की घरचीच बाजारव्यवस्था पंगू आहे म्हणून? उन्हाळी कांदा नवे खरीप पीक येईपर्यंत पुरवावा लागतो. तोवर चाळीतला बराच माल सडतो, कोंब धरतो, वजनात घटतो. त्यातच अवकाळी पावसाने खरीप बुडाला की टंचाई ठरलेलीच. ज्याच्याजवळ चाळ नाही आणि मागे कर्जाचा तगादा आहे, तो शेतकरी तर लासलगावच्या लिलावात मिळेल त्या भावाने माल सोडून घरची वाट धरतो.

जगदीश भगवती आणि व्ही. के. रामस्वामी या भारतीय अर्थशास्त्रज्ञांनी १९६३ सालीच दाखवून दिले की, बिघाड देशांतर्गत बाजारात असेल तर उपायही तेथेच व्हावा. परदेशी व्यापार अडवणे हा त्यावरचा योग्य उपाय नव्हे. आपण नेमके उलट करतो. मूळ दोष जागच्या जागी राहतो, परदेशचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळते आणि ग्राहकास दिलेली सवलत सरकारी तिजोरीतून न जाता शेतकऱ्याच्या खिशातून जाते.

खुल्या व्यापाराचा जयघोष करणाऱ्यांसही आमचे एक सांगणे आहे. बंदर मोकळे केल्याने चाळ उभी राहत नाही. साठवणीसाठी भांडवल, मालाच्या तारणावर वेळेवर कर्ज, लिलावात खरीखुरी चढाओढ आणि भाव चढल्यास गरिबाला तिजोरीतून थेट साहाय्य, ही कामे खर्चाची व सावकाशीची आहेत. बंदीचा हुकूम मात्र एका रात्रीत निघतो. त्या एका रात्रीची किंमत ज्याला हंगामभर मोजावी लागते, तोही याच देशाचा नागरिक आहे, याचे स्मरण दिल्लीने ठेवावे.