वनस्पतींची शिदोरी

सूर्य मावळला की वनस्पतींचे अन्न तयार करण्याचे काम थांबते. परंतु त्यांचे श्वसन थांबत नाही. प्रत्येक पेशीत रात्रभर शर्करेचे मंद ज्वलन चालू असते. त्यातून मिळणाऱ्या शक्तीवरच मुळे लांबतात व नवी पाने घडतात. तुम्ही म्हणाल, अंधारात ही शर्करा येते कोठून?

दिवसा पान जी शर्करा बनवते, तिचा काही भाग ते पिष्टाच्या रूपाने साठवून ठेवते. रात्री त्या पिष्टाची पुन्हा शर्करा होते. ही शिदोरी पहाटेपर्यंत पुरली पाहिजे. ती मध्येच संपली तर वाढ खुंटते, आणि उपाशी पेशी स्वतःचीच प्रथिने मोडून रात्र काढू लागतात.

इंग्लंडमधील नॉर्विच येथील शास्त्रज्ञांचा एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. अरॅबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातील इवलीशी वनस्पती. १२ तास उजेड व १२ तास अंधार यांची सवय झालेल्या तिच्या रोपांवरील दिवे एके दिवशी ८ तासांतच मालवण्यात आले. साठा नेहमीपेक्षा कमी, आणि रात्र मात्र ४ तासांनी लांबलेली! तरीही रोपांनी पिष्ट इतक्या बेताने खर्चले की, ते नेहमीच्या पहाटेपर्यंत पुरले. पहाट केव्हा व्हायची, हे त्यांना अंगच्या घड्याळावरून कळत होते. धान्य पाहून हात आखडणाऱ्या गृहिणीलाही याहून चोख हिशेब साधणार नाही.

परंतु शर्करा म्हणजे केवळ जळण नव्हे. ती वर्दीही देते. कोणते प्रथिन कसे बनवावे, याच्या सूचना पेशीतील जनुकांत असतात. मात्र सर्वच जनुके सदैव जागी नसतात. शर्करा कमी पडली की साठा मोडण्याच्या कामाची जनुके जागी होतात; ती विपुल झाली की अन्न तयार करण्याच्या कामाची जनुके मंदावतात. अमेरिकेत जेन शीन या संशोधिकेने मक्याच्या पानातील पेशींना शर्करा देऊन पाहिली, तेव्हा हेच आढळले. ते साल होते १९९०. कणगी भरलेली असताना नांगर कशाला धरायचा, असाच जणू हा प्रकार!

ही वर्दी देतो कोण? पेशीत हेक्सोकायनेज नावाचे एक प्रथिन असते. ग्लुकोज या शर्करेला ज्वलनासाठी सिद्ध करणे, हे त्याचे नित्याचे काम. चुलीत सरपण सारणारा हाच गडी कोठावळ्याचेही काम करतो आणि साठ्याची खबर जनुकांपर्यंत पोहोचवतो. २००३ साली शास्त्रज्ञांनी अरॅबिडॉप्सिसच्या या प्रथिनात असा बदल केला की, त्याची ग्लुकोज सिद्ध करण्याची शक्तीच गेली. तरीही साठ्याची वर्दी ते देतच राहिले.