एलएस स्वॅप

एलएस स्वॅप म्हणजे १९६० व १९७० च्या दशकांतील अमेरिकन मसल कारचे मूळ इंजिन काढून त्या जागी जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेतील आधुनिक व्ही-८ इंजिन बसवणे होय. अमेरिकेतील हौशी मोटारप्रेमींमध्ये हा इंजिनबदलाच्या सर्वांत प्रचलित प्रकारांपैकी एक आहे. बाहेरून जुने रूप राखून आत नवी यंत्रणा बसवलेल्या अशा गाडीला ‘रेस्टोमॉड’ म्हणतात. प्रत्यक्षात इंजिन जागेवर बसवणे हा कामाचा लहानसा भाग असतो. इंधन, विद्युत, शीतकरण व ब्रेक या यंत्रणा बहुधा नव्याने उभाराव्या लागतात आणि खर्चाचे बहुतेक अंदाज तेथेच चुकतात.

पार्श्वभूमी

मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवणे हीच मसल कारची मूळ कल्पना होती. १९६४ सालची पॉन्टियॅक जीटीओ ही या प्रकारातील आरंभीची गाडी मानली जाते. मध्यम गाड्यांत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवू नये, असे जनरल मोटर्सचे अंतर्गत धोरण होते. पॉन्टियॅकच्या अभियंत्यांनी टेम्पेस्ट गाडीसाठी ३८९ घन इंचांचे (सुमारे ६.४ लिटर) इंजिन ऐच्छिक सुविधा म्हणून देऊन या धोरणाला वळसा घातला. त्या अर्थाने इंजिनबदल या गाड्यांच्या जन्मापासूनच त्यांच्यासोबत आहे.

जुन्या इंजिनांत कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर असे. थंडीत इंजिन सुरू करणे, उंच प्रदेशात इंधन-हवेचे प्रमाण जुळवणे आणि प्रज्वलनाची वेळ वरचेवर तपासणे ही कामे मालकालाच करावी लागत. नव्या-जुन्या इंजिनांची तुलना करताना अश्वशक्तीच्या आकड्यांबाबत सावध राहावे लागते. १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ च्या सर्वांत शक्तिशाली इंजिनाची अश्वशक्ती ४५० सांगितली जाई, पण ती ‘ग्रॉस’ पद्धतीने, म्हणजे गाडीतील सायलेन्सर, एअर फिल्टर इत्यादी भाग न जोडता मोजलेली होती. १९७२ पासून अमेरिकन कंपन्यांनी हे भाग जोडून मोजलेली ‘नेट’ अश्वशक्ती देण्यास सुरुवात केली. एलएस इंजिनांचे आकडे या दुसऱ्या पद्धतीचे आहेत. त्यामुळे कागदावर दुबळे वाटणारे नवे इंजिन रस्त्यावर तसे असतेच असे नाही.

इंजिनाची वैशिष्ट्ये

मालिकेतील पहिले इंजिन एलएस१ हे १९९७ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये आले. त्याची क्षमता ५.७ लिटर, ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आणि शक्ती ३४५ अश्वशक्ती होती. पुढे २००८ च्या कॉर्व्हेटमधील ६.२ लिटरच्या एलएस३ ने ४३० अश्वशक्ती गाठली. लगतच्या सिलिंडरांच्या केंद्रांमधील ४.४ इंचांचे अंतर मात्र कंपनीने १९५५ च्या मूळ ‘स्मॉल ब्लॉक’ इंजिनाइतकेच ठेवले.

कॅमशाफ्ट सिलिंडर हेडवर नसून ब्लॉकच्या आत असल्यामुळे हे इंजिन बुटके व अरुंद राहते. जुन्या गाडीच्या बॉनेटखाली मावण्याच्या दृष्टीने हाच गुण निर्णायक ठरला. दुसरे कारण किमतीचे आहे. १९९९ पासून कंपनीच्या पिकअप ट्रकमध्ये ४.८, ५.३ व ६.० लिटरची याच घराण्यातील इंजिने बसू लागली. यांपैकी बहुतेकांचे ब्लॉक बिडाचे, म्हणून वजनदार आहेत. तरी ते टिकाऊ असून अपघातग्रस्त ट्रकमधून विपुल मिळतात.

बसवण्यातील अडचणी

एलएस ब्लॉकला माउंटिंगसाठी चार बोल्टांची जागा असते, तर जुन्या शेव्हरोले ब्लॉकला तीनच बोल्ट असत. त्यामुळे मध्ये जोडपट्टी लावावी लागते. ट्रकच्या इंजिनाचा ऑइल पॅन फार खोल असल्याने तो पुढच्या आडव्या तुळईला किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांना अडतो व बदलावा लागतो. जुना गिअरबॉक्स ठेवायचा असल्यास आणखी एक अडचण येते. बहुतेक एलएस इंजिनांत क्रँकशाफ्टचे मागचे टोक जुन्यापेक्षा सुमारे १० मिलिमीटर आत असते आणि ही पोकळी स्पेसरने न भरल्यास टॉर्क कन्व्हर्टर नीट टेकत नाही.

सर्वांत धोकादायक चूक इंधनाच्या बाबतीत होते. कार्ब्युरेटरला दर चौरस इंचाला सुमारे सहा पौंड दाब पुरतो, तर एलएसच्या इंजेक्टरांना सुमारे ५८ पौंड लागतो. जुन्या रबरी नळ्या आणि क्लिपा हा दाब सहन करण्यासाठी बनवलेल्याच नसतात. त्या फुटल्यास पेट्रोलचा फवारा थेट तापलेल्या एक्झॉस्टवर उडून गाडी पेट घेऊ शकते. म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंतची संपूर्ण नळी बदलणे आवश्यक असते. टाकीतही आडपडदे हवेत, अन्यथा वळणावर इंधन एका बाजूला सरकून पंप हवा ओढतो.

सिलिंडर हेडमधून रेडिएटरकडे जाणारी वाफेची बारीक नळी अनेकजण अनावश्यक समजून बंद करतात. तसे केल्यास हेडमध्ये वाफ कोंडून ठरावीक जागा प्रमाणाबाहेर तापते. विद्युत बाजूला संगणक, सेन्सर व त्यांचे वायरिंग आणावे लागते, तसेच चोरीरोधक व्यवस्था संगणकातून काढावी लागते. अनेक मसल कारना चारही चाकांवर ड्रम ब्रेक असत. वाढीव शक्तीसह ते तसेच ठेवणे अविचाराचे आहे.

इतर कंपन्यांच्या गाड्या

फोर्डच्या गाडीत शेव्हरोलेचे इंजिन बसवणे अनेक फोर्डप्रेमींना आजही रुचत नाही. फोर्डचे स्वतःचे ५.० लिटर ‘कोयोटी’ इंजिन २०११ च्या मस्टँगपासून उपलब्ध आहे. परंतु प्रत्येक हेडवर दोन कॅमशाफ्ट असल्याने ते बरेच रुंद आहे. १९६० च्या दशकातील मस्टँगमध्ये ते बसवायचे तर पुढच्या सस्पेन्शनचा भार पेलणारे शॉक टॉवर सहसा कापावे लागतात. हा बदल परत फिरवणे अत्यंत कठीण असते. याउलट शेव्हेलला स्वतंत्र चॅसिस आहे आणि पहिल्या पिढीच्या कॅमेरोची पुढची चौकट बोल्टांनी जोडलेली आहे. डॉजच्या गाड्यांसाठी २००३ पासूनचे ५.७ लिटर ‘हेमी’ इंजिन वापरतात.

उत्सर्जन नियम

कॅलिफोर्नियात बसवलेले इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे लागते आणि त्याची प्रदूषणरोधक साधने शाबूत असावी लागतात. १९७५ व त्यापूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना तेथे नियतकालिक धूरतपासणीतून सूट आहे.

मूळ इंजिन

ज्या गाडीच्या इंजिनावरील क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो तिला ‘नंबर्स मॅचिंग’ म्हणतात. दुर्मीळ प्रकारांत तिची किंमत त्याच प्रकारच्या इतर गाड्यांपेक्षा बरीच जास्त असते. म्हणून मूळ इंजिन पूर्वीच हरवलेली किंवा कारखान्यातून सहा सिलिंडरांसह निघालेली गाडी अशा बदलासाठी अधिक योग्य समजली जाते. मूळ इंजिन असेल तर जाणकार मालक चौकट न कापता, बोल्टांनी जोडता येणारे भागच वापरतात आणि इंजिन सिलिंडरांत तेल सोडून झाकून ठेवतात. शेव्हरोलेच्या व्ही-८ वर हा क्रमांक ब्लॉकच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात, हेड बसण्याच्या पृष्ठभागाच्याच पातळीवर ठोकलेला असतो. पुढे कधी त्या इंजिनाची दुरुस्ती करताना कारागिराने ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग घासून सपाट केला, तर क्रमांकही त्याबरोबर नाहीसा होतो.