इन्स्टॉलेशन प्रोफाइल: कामाचा एक दिवस

सकाळी ९.००
शिक्षकांच्या एका गटाला प्रत्येक जिल्ह्यासाठी स्वतंत्र चर्चास्थळ हवं आहे. विषय आणि सभासद जिल्ह्यागणिक वेगळे असतील, पण घडण सगळीकडे एकच. दर वेळी तीच बटणं हाताने दाबत बसलं तर कुठेतरी एखादी परवानगी चुकीची राहणारच. म्हणून आज ड्रुपलचं इन्स्टॉलेशन प्रोफाइल, म्हणजे नवं संकेतस्थळ दर वेळी त्याच घडणीचं उभं करणारा साचा, तयार करायचं. ड्रिस बायटार्ट यांनी २००१ मध्ये खुलं केलेलं ड्रुपल हे संकेतस्थळं उभारण्याचं सॉफ्टवेअर मराठी चर्चेला नवं नाही. मायबोली आणि मिसळपाव ही स्थळं त्यावरच चालतात.

९.३०
प्रोफाइल म्हणजे मुळात एक फोल्डर. त्यातल्या इन्फो फाइलमध्ये प्रोफाइलचं नाव, चालणारी आवृत्ती आणि सुरू करायच्या मॉड्यूलांची यादी येते. ही फाइल वायएमएल पद्धतीची असल्याने ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. यादीत चर्चेची सोय देणारं फोरम मॉड्यूल आलं. ड्रुपल ११ पासून ते मूळ गाभ्यात नाही, त्यामुळे कंपोझर या साधनाने वेगळं आणावं लागतं.

१०.३०
नमुन्याचं संकेतस्थळ ब्राउझरमध्ये मनासारखं जुळवून घेतलं: लेखनप्रकार, मेनू, सभासदांच्या भूमिका. मग ड्रश या साधनाची एक कमांड दिली की सगळ्या सेटिंगच्या फायली बाहेर पडतात. त्यातल्या हव्या तेवढ्या फायली प्रोफाइलच्या कॉन्फिग-इन्स्टॉल फोल्डरमध्ये ठेवायच्या. प्रत्येक फाइल उघडून वरची यूयूआयडीची, म्हणजे ओळखक्रमांकाची, ओळ असेल तर काढायची, कारण तो क्रमांक त्या एका संकेतस्थळाचा असतो. नव्या ठिकाणी ड्रुपल स्वतःचा तयार करतं. काम कंटाळवाणं आहे, पण ते घाईत उरकत नाही.

दुपारी १२.००
दिवसातलं सगळ्यात जबाबदारीचं काम परवानग्यांचं. नवं खातं व्यवस्थापकाच्या मंजुरीनेच सुरू होईल. नव्या सभासदाचा प्रतिसाद आधी मंजुरीच्या रांगेत जाईल. थेट प्रसिद्ध करण्याचा हक्क फक्त ‘जुने सभासद’ या भूमिकेला. लिहिण्याच्या चौकटीत दुवा, ठळक अक्षरं आणि यादी एवढेच टॅग चालतील. बाकीचे चाळणीत गळतील, म्हणजे प्रतिसादातून घातक स्क्रिप्ट घुसवता येणार नाही. पहिल्या खात्याला ड्रुपल सगळेच हक्क देतं. त्यामुळे रोजच्या देखरेखीसाठी ‘संपादक’ ही मोजक्या हक्कांची भूमिका वेगळी केली.

तेवढ्यात गटाच्या समन्वयक मॅडमचा फोन आला. “सर, एखाद्या शिक्षिकेला कुणी उलटसुलट बोललं, तर तिने सांगायचं कुणाला?” प्रश्न अगदी रास्त होता. तक्रारीचा अर्ज मेनूत सगळ्यांत वर घेतला आणि तो संपादकांच्या ईमेलवर जाईल अशी सोय प्रोफाइलमध्येच केली.

२.३०
‘अध्यापन’, ‘मूल्यमापन’, ‘शाळाबाह्य मुले’ हे चर्चेचे विभाग ड्रुपलच्या हिशेबात सेटिंग नसून मजकूर आहेत. त्यामुळे एक्सपोर्ट केलेल्या फायलींत ते येत नाहीत. ते तयार करणारा पीएचपी कोड प्रोफाइलच्या इन्स्टॉल फाइलमध्ये लिहिला. सेटिंग आणि मजकूर यांतला हा फरक ध्यानात ठेवला नाही, तर नवं संकेतस्थळ उभं राहतं, पण आत विभागच नसतात.

३.३०
आता मराठी. इन्स्टॉल करताना भाषा मराठी निवडली की उपलब्ध भाषांतरं आपोआप उतरतात. उरलेल्या वाक्यांचं मराठी आम्ही करून सोबत दिलं. वेळ भारतीय प्रमाणवेळेची ठेवली. मग शोध. ड्रुपलच्या शोधात शब्दाची किमान लांबी मुळात ३ अक्षरांची असते. मोजणी युनिकोडच्या चिन्हांची होते, त्यामुळे ‘मूल’ हा शब्द बसतो, कारण दीर्घ उकारही एक चिन्ह धरला जातो. पण ‘मत’, ‘गट’, ‘वय’ यांत दोनच चिन्हं असल्याने ते शब्द शोधसूचीत जातच नाहीत. शिक्षकांच्या चर्चेत हेच शब्द हरघडी लागणार! ती मर्यादा प्रोफाइलमध्ये २ केली.

५.००
डेटाबेस रिकामा करून प्रोफाइल पहिल्यापासून इन्स्टॉल केलं. मग सहकाऱ्याने नवा सभासद म्हणून नोंदणी केली, प्रतिसाद लिहिला, तो रांगेत थांबलेला पाहिला, संपादकाच्या खात्यातून मंजूर केला आणि ‘वय’ हा शब्द शोधून पाहिला. तपासणी अशीच, सभासदाच्या जागी बसून करावी.

६.३०
शेवटचं काम गटासाठी माहितीपत्रक लिहिण्याचं. त्यात एक गोष्ट ठळक अक्षरांत: प्रोफाइलमधली सेटिंग इन्स्टॉलच्या वेळी एकदाच लागू होतात. नंतर त्या फायली बदलल्या तरी चालू संकेतस्थळ आपोआप बदलत नाही. त्यासाठी अपडेटचा वेगळा कोड लिहावा लागतो. शिवाय दिलेली सेटिंग बदलायला फारसं कुणी जात नाही. सभासदांची काळजी घ्यायची ती म्हणूनच पहिल्या दिवशी, प्रोफाइलमध्ये.

तुमच्या संस्थेसाठी कुणी असं चर्चास्थळ उभारत असेल, तर रंग आणि बोधचिन्हाआधी त्यांना तीन प्रश्न विचारा: नव्या सभासदाला काय करता येईल, काय करता येणार नाही, आणि त्रास झाला तर त्याने कुणाकडे जायचं? उत्तरं मिळाल्याशिवाय संकेतस्थळ खुलं करू नका.