ध्वनिमुद्रणांची तबकडी कशी करावी

खांडबारा परिसरातील अनेक मुलांची घरची बोली मावची अथवा भिली आहे. गावातील वृद्धांच्या मुखीची गाणी व कथा मुद्रित करून एकाच संगणकात ठेवल्यास, यंत्र बिघडताच त्या कायमच्या नष्ट होण्याचा संभव असतो. यास्तव त्यांची प्रत तबकडीवर उतरवणे अगत्याचे आहे.

लिनक्स प्रणालीत याकरिता 'के-थ्री-बी' व 'ब्रासेरो' ही साधने विनामूल्य मिळतात. सीडीवर सुमारे ७०० मेगाबाइट, तर डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट सामग्री मावते. साधन उघडून 'डेटा' हा प्रकार निवडावा, धारिका त्यात आणाव्यात व लेखन आरंभावे. लेसर किरण रंगद्रव्याच्या थरावर कायमची खूण उमटवतो. म्हणून मध्येच वीज गेल्यास एकदाच लिहिता येणारी तबकडी बहुधा वाया जाते. विजेची खात्री असेल तेव्हाच हे काम हाती घ्यावे. लेखनानंतर पडताळणी अवश्य करावी.

सीडीचा नाजूक थर नावाच्या बाजूस असतो. तेथे बॉलपेनने लिहू नये, मऊ टोकाचा मार्कर वापरावा. तबकडीवर गाव, बोली व दिनांक नोंदवावा, ती उन्हापासून दूर ठेवावी आणि दुसरी प्रत केंद्रशाळेत द्यावी. शिक्षक बंधुभगिनींनी एवढी दक्षता घेतल्यास मुलांच्या घरची भाषा शाळेच्या कपाटात सुरक्षित राहील.