सुपाचा वस्तुपाठ

‘वस्तुपाठ’ म्हणजे अनुकरणीय उदाहरण, असा अर्थ आज रूढ आहे. मूळ अर्थ मात्र अगदी साधा: वस्तू समोर ठेवून दिलेला पाठ. आधी प्रत्यक्ष दर्शन, मग शब्द, हा स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी याचा आग्रह होता. मुंबईत १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा निघाली, १८७२ साली भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय लोकांस खुले झाले. कलाशिक्षणास वस्तूंचा शेजार लाभला.

परंतु भातपिकाच्या गोंदिया जिल्ह्यात या पाठास संग्रहालय कशाला हवे? घरचे सूप पुरे. चित्रकलेच्या तासास पहिली पंधरा मिनिटे पेन्सिल बाजूस ठेवून मुलांनी ते हाताळावे. तीन बाजूंस काठ, मग चौथी मोकळी का? पाखडताना जड दाणा मागे राहतो, हलका कोंडा पुढे उडतो; त्यास वाट हवी, म्हणून! बांबूची बाहेरची साल कठीण, आतला भाग मऊ. मग कोणती कामटी कोठे घातली आहे? आकार कामातून निघतो, हे येथे मुलांच्या बोटांसच कळते.

पंधरा मिनिटांत बुरुडाची कला येणार नाही, हे खरे. शिवाय रेखाकला परीक्षेच्या वस्तुचित्रासाठी सराव हवा, हेही खरे. तथापि न पाहता काढलेल्या चित्रात छाया असते, वस्तू नसते. गिरणीमुळे सुपाचे काम कमी झाले आहे. त्याची रचना जाणणारे हात आहेत तोवर एखाद्या बुरुडास वर्गात सन्मानाने बोलवावे. पुढे प्रश्न उरतील, उत्तर देणारा उरणार नाही.