चाचे पकडले, पुढे?

जानेवारी २०२४. सोमालियाच्या पूर्वेला, भर समुद्रात 'लीला नॉरफोक' या मालवाहू जहाजावर पाच-सहा हत्यारबंद माणसे चढली. जहाजावर २१ जण होते, त्यांत १५ भारतीय. ब्रिटिश नौदलाच्या यूकेएमटीओ या कार्यालयाला निरोप गेला आणि सगळे 'सिटाडेल'मध्ये शिरून दार आतून लावून बसले. सिटाडेल म्हणजे जहाजाच्या पोटातली मजबूत, बंदिस्त जागा. निरोप गेला ब्रिटिशांकडे. धावून आली भारताची 'आयएनएस चेन्नई'. कमांडो जहाजावर उतरले तेव्हा चाचे पसार झाले होते, खलाशी सुखरूप होते.

सिटाडेलचा एक नियम कडक आहे. सगळेच्या सगळे खलाशी आत हवेत आणि त्यांचा बाहेरच्यांशी संपर्क चालू हवा; नाहीतर नौदल कमांडो पाठवेल याची खात्री नाही. ऐकायला निष्ठुर वाटते, पण एक जरी माणूस बाहेर राहिला तरी तो ओलीस ठरतो आणि गोळीबार करणाऱ्याचे हात बांधले जातात.

एडनच्या आखातात २००८पासून नाना देशांच्या युद्धनौका गस्त घालतात. युरोपीय संघाची 'अटलांटा' मोहीम वेगळी, बहुराष्ट्रीय 'टास्क फोर्स १५१' वेगळी. भारत, चीन, जपान आपापले स्वतंत्र. सगळ्यांचा मिळून सेनापती कुणीच नाही. मग गाडा चालतो कशावर? बराचसा कागदावर. व्यापारी जहाजांसाठी नकाशावर एक पट्टा आखलेला आहे. जायची वाट पाच सागरी मैल रुंद, यायची तेवढीच, मधे दोन मैल मोकळे. बहारीनमध्ये 'शेड' नावाच्या बैठका होतात आणि तिथे कोण कुठे आहे याची माहिती एकमेकांना दिली जाते. एरवी सीमेवर डोळे वटारणाऱ्या भारत-चीनने जपानसह २०१२पासून जहाजांच्या ताफ्यांची वेळापत्रके जुळवली. रटाळ काम आहे, पण त्यामुळे एकाच दिवशी तिघांचे ताफे आणि दुसऱ्या दिवशी कुणीच नाही, असे होत नाही.

कधीकधी मात्र गोष्ट कागदापलीकडे जाते. माल्टाचा झेंडा असलेले 'रुएन' हे मालवाहू जहाज डिसेंबर २०२३मध्ये चाच्यांनी पळवले. 'आयएनएस कोची' आणि स्पेनची 'व्हिक्टोरिया' ही फ्रिगेट त्याच्या मागावर होती. एका जखमी खलाशाला चाच्यांनी सोडले, त्याला भारतीय नौदलाने ताब्यात घेतले. तीन महिन्यांनी चाचे तेच जहाज घेऊन पुन्हा शिकारीला निघाले, तेव्हा 'आयएनएस कोलकाता'ने त्याला गाठले. चाच्यांनी टेहळणीचा ड्रोन पाडला, नौकेवर गोळ्या झाडल्या. 'कोलकाता'ने जहाजाची सुकाणू यंत्रणा निकामी केली. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर हवाई दलाच्या सी-१७ विमानाने नौदलाचे मार्कोस कमांडो आणि त्यांच्या रबरी बोटी पॅराशूटने समुद्रात उतरवल्या. सुमारे ४० तासांच्या कारवाईनंतर, १६ मार्चला, ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुटले.

बातमी इथे संपते. खरी कटकट इथून सुरू होते: पकडलेल्यांना न्यायचे कुठे? सोमालियात खटला चालवणारी धड यंत्रणा नाही. युरोपीय नौदले काही चाच्यांना केनिया, सेशेल्सच्या हवाली करत. पुष्कळांची नुसती हत्यारे काढून घेऊन त्यांना सोडून दिले जाई. भारताने २०११मध्ये लक्षद्वीपच्या आसपास आणि अरबी समुद्रात शंभराहून अधिक चाचे पकडून मुंबईला आणले, पण तेव्हा आपल्याकडे चाचेगिरीविरोधी स्वतंत्र कायदाच नव्हता. खुनाचा प्रयत्न वगैरे कलमे लावून भागवावे लागले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २०१७मध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली, तोवर आरोपींची सहाएक वर्षे कोठडीतच गेली होती.

सागरी चाचेगिरीविरोधी कायदा संसदेत मंजूर व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला. त्यामुळे २३ मार्च २०२४ रोजी 'कोलकाता' त्या ३५ जणांना घेऊन मुंबईला आली, तेव्हा त्यांना ताब्यात घेणाऱ्या यलो गेट पोलिसांच्या हाती नेमकी कलमे होती. 'रुएन' मात्र बल्गेरियन कंपनीचे आणि त्यावरचे खलाशी बल्गेरिया, म्यानमार, अंगोलाचे. त्यांची साक्ष नोंदवायची, तर समन्स आधी तीन देशांत पोहोचवावे लागणार.