बल्लूचे विमान आणि थकलेले हप्ते

गेल्या दिवाळीत मुलगी आणि सात वर्षांची नात पुण्याहून लातूरला आल्या होत्या. दुपारी घरातील सगळे आडवे झालेले असताना नात माझ्या आरामखुर्चीशेजारी बसून टॅबवर कार्टून पाहत होती. हल्लीच्या कार्टूनमधील किंचाळण्याचा मला मनस्वी कंटाळा असल्यामुळे मी वर्तमानपत्राची ढाल पुढे धरली होती. परंतु त्या दिवशीचे चित्र ओळखीचे वाटले. पिवळ्या रंगाचे एक अवजड विमान पाण्यावर उतरत होते आणि चालकाच्या जागी राखाडी रंगाचे, ढेरपोटे अस्वल बसले होते. "आईच्या लहानपणीचं आहे, आजोबा," नात म्हणाली, "याचं विमान बँकेनं घेऊन टाकलं." मी वर्तमानपत्राची घडी केली. तीस वर्षांपूर्वी नांदेडला भाड्याच्या घरात जवळजवळ हेच वाक्य मी हिच्या आईच्या तोंडून ऐकले होते आणि त्या वेळी ते मला फार लागले होते.

मालिकेचे नाव 'टेलस्पिन'. विमान गरगरत खाली कोसळू लागते त्या अवस्थेला इंग्रजीत हा शब्द आहे. स्पेलिंग बदलून त्यात 'कथा' हा अर्थही घुसवला आहे. ज्यांची मुले नव्वदच्या दशकात लहान होती त्या घरांत ही मालिका निश्चित आठवत असेल. रविवारी दूरदर्शनवर 'डकटेल्स' आणि 'टेलस्पिन' हिंदीत लागत. त्याच काळात, १९९३ मध्ये, जपानी कंपनीने केलेली 'जंगल बुक' ही मालिकाही दूरदर्शनवर आली. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज! त्या वेळेपुरती गल्लीत शांतता पसरत असे. मोंढ्यातील आडतीवर बसणारे आमचे काही परिचितही 'मुलांसाठी' म्हणून टीव्हीपुढे बसत आणि मुले उठून गेली तरी बसलेलेच असत.

या दोन्ही मालिकांचे मूळ पुस्तक एकच असले तरी त्यांचा प्रवास वेगळा आहे. जपानी मालिका पुस्तकावरून आली. 'टेलस्पिन' मात्र चित्रपटावरून. पुस्तक रुडयार्ड किपलिंगचे, १८९४ चे. हा लेखक मुंबईत जन्मला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते आणि ३० डिसेंबर १८६५ रोजी तेथील आवारातच किपलिंगचा जन्म झाला. मोगलीचे अरण्य मध्य प्रदेशातील सिवनीचे. ज्या वैनगंगेच्या परिसरात पुस्तकातला शेरखान वावरतो ती पुढे आपल्या भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांतून वाहते. पुस्तकातील अस्वल म्हणजे गंभीर, शिस्तप्रिय मास्तर आहे. लांडग्यांच्या पिलांना तो अरण्याचे कायदे पाठ करायला लावतो, प्रसंगी मोगलीला चापटही देतो.

वॉल्ट डिस्ने यांनी याच पुस्तकावर चित्रपट काढला. तो १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये पडद्यावर आला. डिस्ने त्याआधीच, डिसेंबर १९६६ मध्ये निवर्तले होते. त्यांनी आपल्या पटकथालेखकाला मूळ पुस्तक वाचूच नका, असे बजावल्याचे सांगतात. परिणाम दिसतोच. मास्तराचा झाला आळशी, आनंदी, गाणारा भालू. पुस्तकात माकडांना राजा नाही. चित्रपटात लुई नावाचा ओरांगउटान त्यांचा राजा झाला. हा प्राणी सुमात्रा-बोर्निओचा. वैनगंगेकाठी तो कसा पोहोचला हे कोणी विचारले नाही. चित्रपट मात्र जगभर चालला, आजही चालतो.

१९९० मध्ये त्याच कंपनीने या चित्रपटातील तीन पात्रे उचलली, भालू, शेरखान आणि लुई, आणि त्यांना अरण्यातून काढून थेट व्यापारात घातले! मोगली नाही, बघीरा नाही, एकही मनुष्य नाही. जुन्या काळच्या, प्रोपेलरच्या विमानांच्या दुनियेतील केप सुझेट नावाचे बंदर आहे. भोवती उंच कडे, मध्ये एकच अरुंद वाट आणि तिच्यावर हवाई चाच्यांना रोखणाऱ्या तोफा. भालू, ज्याला हिंदीत आणि आमच्या घरातही बल्लू म्हणत, तेथे मालवाहू विमान चालवतो. लुई एका बेटावर खाणावळ-कम-नाचघर चालवतो आणि बल्लूचा बराचसा वेळ तिथेच जातो. एकूण ६५ भाग झाले.

चित्रपटावरून कार्टून मालिका काढण्याची ही रीत पुढे खूप रूढ झाली. 'अलादीन'चा चित्रपट १९९२ चा, मालिका १९९४ ची. आपल्याकडे 'कोई मिल गया'वरून 'जे बोले तो जादू' आली, 'बाहुबली'वरूनही मालिका झाली. बहुतेक वेळा असे काम म्हणजे प्रसिद्ध दुकानाची पाटी उचलून नव्या गाळ्यावर लावण्यासारखे असते. आतला माल बेताचाच. 'टेलस्पिन'चे तसे झाले नाही, याचे कारण माझ्या मते असे की, तिच्या कर्त्यांनी पाटी जुनी घेतली पण धंदा नवा मांडला.

आणि तो धंदा बारकाव्यांसह मांडला. सुरुवातीलाच बल्लूचे बँकेचे हप्ते थकतात. विमान त्याच्या जिवाचा तुकडा, पण हिशेब शून्य; पत्रे आली तर उघडायची नाहीत, पैसे आले तर लुईकडे उडवायचे. एके दिवशी कळते की बँकेने व्यवसाय विमानासह विकला आणि तो रेबेका कनिंगहॅम नावाच्या अस्वलबाईने घेतला. बाई एकटी, पदरी लहान मुलगी, विमानातले ओ की ठो कळत नाही; परंतु जमाखर्च, वेळापत्रक, गिऱ्हाईक या गोष्टी नेमक्या ठाऊक. ती पाटी बदलते आणि बल्लूला त्याच्याच विमानावर पगारी चालक म्हणून ठेवते. विमान परत विकत घेईन या आशेवर तो राहतो. पुढची सगळी मालिका या दोघांच्या कुरबुरीवर उभी आहे. तिला काटकसर हवी, त्याला मोकळीक. आपल्या पेढ्यांवर बाप-लेकांत, भावाभावांत, हल्ली सासरे-सुनांतही हाच वाद चाललेला मी पुष्कळदा पाहिला आहे. मालिकेचे मोठेपण हे की ती दोघांपैकी कोणालाही मूर्ख ठरवत नाही. रेबेकाची एखादी हुशार योजना अंगाशी येते, तेव्हा बल्लूचे कसब ती निस्तरते. आणि बल्लू बेफिकिरीने घोळ घालतो, तेव्हा तिचे व्यवहारज्ञान उपयोगी पडते.

शेरखानाचे रूपांतर तर मला चित्रपटापेक्षाही सरस वाटते. चित्रपटातला वाघ शिकार करतो. इथला वाघ सूट घालून उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर बसतो, आवाज कधी चढवत नाही, आणि लहान धंदे गिळतो. एका भागात तो स्वतःच्याच तेलाची जहाजे चाच्यांकरवी लुटवतो. टंचाई पडावी आणि भाव वाढावा म्हणून. तूर आणि सोयाबीनच्या भावाचे चढउतार पाहिलेल्या लातूरच्या वाचकाला याचा खुलासा करण्याची गरज नाही. लहान मुलांच्या कार्यक्रमात कृत्रिम टंचाई इतक्या सोप्या रीतीने समजावून सांगितलेली मी अन्यत्र पाहिली नाही. एम.कॉम.च्या वर्गात आम्हाला ती समजायला दोन तास लागले होते.

आता नांदेडची गोष्ट सांगतो. १९९४ मध्ये माझी बदली लातूरहून नांदेडच्या शाखेत झाली. त्या आधीच्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला होता. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती, आणि मध्यरात्र उलटून पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतरचे दिवस मी लातूरला होतो. त्याविषयी लिहिण्याची ही जागा नव्हे. मदतीचा ओघ सगळीकडून आला. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथा यांच्या पुढाकाराने १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, हे आपल्या वाचकांना माहीतच आहे.

नांदेडच्या नव्या मोंढ्यात एक तरुण ट्रकमालक होता. एकच गाडी, आमच्या शाखेच्या नजरगहाण कर्जावर घेतलेली. केबिनवर लाल अक्षरांत 'आईचा आशीर्वाद'. भूकंपानंतर मोंढ्यातील व्यापाऱ्यांनी धान्य, घोंगड्या, भांडी जमवली, ती याने आपल्या गाडीतून किल्लारीकडे नेली. एक खेप नव्हे. तीन आठवडे त्याची गाडी तिकडेच होती. भाडे घेतले नाही, डिझेल बऱ्याचदा पदरचे. परतला तोवर नेहमीचे गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीवाल्यांकडे गेले होते. पुढे टायर, पुढे इंजिनाचे काम. हप्ते मागे पडले आणि मागेच पडत गेले.

नेमक्या त्याच काळात बँकांचे नियम बदलत होते. नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर १९९२-९३ पासून थकीत कर्जांची नवी वर्गवारी सुरू झाली होती. मार्च १९९३ ला चार तिमाह्यांची थकबाकी चालत होती, १९९४ ला तीन, आणि मार्च १९९५ पासून दोनच. नियम योग्यच होता. त्यापूर्वी बुडीत कर्जावरचे व्याजही उत्पन्न म्हणून दाखवले जाई आणि ताळेबंद फुगत, हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु १९९५ च्या जानेवारीत वरून याद्या आल्या तेव्हा त्या याद्यांत या माणसाचे नाव होते. भूकंपग्रस्त कर्जदारांसाठी सवलती होत्या. हा भूकंपग्रस्त नव्हता, भूकंपग्रस्तांना मदत करणारा होता. त्याच्यासाठी कोणत्याही परिपत्रकात रकाना नव्हता. मी टिपण लिहिले, मुदतवाढ सुचवली. ती मिळाली नाही. आज वाटते, टिपण अधिक जोर लावून लिहायला हवे होते. नोकरीत मी नवखा नव्हतो. कोठे किती जोर लावता येतो हे मला ठाऊक होते आणि मी तो लावला नाही.

एका शुक्रवारी आम्ही गाडी ओढून आणली. त्याने चावी स्वतःच माझ्या हातात दिली, वाद घातला नाही. केबिनमधला देवाचा फोटो काढून घेऊ का, एवढेच विचारले. मी म्हटले, राहू दे, गाडी सुटली की घ्या. असे बोलून मी त्याला खोटी आशा दाखवली, हे बोलतानाच कळत होते.

त्यानंतरच्या रविवारी मुलगी 'टेलस्पिन' पाहत होती. तेव्हा ती नऊ वर्षांची. बल्लूचे विमान गेल्याचा तो भाग होता. तिने मान वळवून विचारले, "बाबा, बँक विमान ओढून नेते? तुम्हीपण नेता?" सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिले. शुक्रवारचा प्रकार मी त्यांना सांगितला होता. मी मुलीला कर्ज म्हणजे काय, तारण म्हणजे काय, हे लोकांचेच ठेवीचे पैसे असतात वगैरे समजावून सांगितले. सगळे खरेच होते. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पण तो रडतोय ना."

गाडीचा लिलाव मार्चमध्ये झाला. मोंढ्यातल्याच एका दालमिलवाल्याने ती घेतली, आणि दुसऱ्या आठवड्यात पाहतो तो चालकाच्या जागी तोच माणूस. दालमिलवाले मला म्हणाले, "साहेब, ही गाडी त्याच्याशिवाय दुसऱ्याचं ऐकत नाही. घाटात गिअर कधी अडकतो ते त्यालाच माहीत." या गृहस्थांनी 'टेलस्पिन' पाहिली असण्याची सुतराम शक्यता नव्हती. केबिनवरचे 'आईचा आशीर्वाद' त्यांनी पुसले नाही. रंगाचा खर्च कशाला, असे कारण सांगितले.

लिलावाच्या रकमेतून सगळे कर्ज फिटले नव्हते. काही हजार उरले. अशा उरलेल्या रकमा बँका बहुधा निर्लेखित करतात. माझीही शिफारस तीच होती. परंतु दर महिन्याच्या सात-आठ तारखेला तो काउंटरवर येऊन पाचशे रुपये भरू लागला. एखाद्या महिन्यात तीनशे. मी एकदा केबिनमध्ये बोलावून तडजोडीचा अर्ज त्याच्यापुढे ठेवला, नियमात बसतो असे सांगितले. त्याने अर्ज वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पाचशे रुपये भरले. त्या अर्जाचा विषय आमच्यात परत निघाला नाही.

१९९८ च्या पावसाळ्यात त्याचे खाते शून्यावर आले. बेबाकीचा दाखला मी स्वतः टाइप करून, शिक्का मारून दिला. त्याने तो दोनदा वाचला, नावातली वेलांटी चुकली होती ती दाखवून दुरुस्त करून घेतली. नंतर काही दिवसांनी वजिराबादच्या चौकात वाहतूक तुंबली असताना त्याची गाडी माझ्या रिक्षाशेजारी उभी राहिली. पुढच्या काचेमागे देवाचा फोटो होता आणि त्याला लागून, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेला, आमच्या शाखेचा तो दाखला. गाडी अजून दालमिलवाल्यांच्याच नावावर होती.